चार मिनिटं

रात्रपाळी संपवून घणसोलीत परतते तेव्हा
पारसिकच्या डोंगरावरून ऊन खाली उतरलेलं असतं.
खिडकीला जुनी चादर खिळ्यांवर अडकवते,
अंबाडा न सोडताच आडवी होते.
रिमोट. अठरा. नको, चोवीस.

टक्. स्टॅबिलायझर.
बाहेर ग्रिलवर घरघर सुरू होते,
पायांवर थोडा गार वारा,
डोळा लागतो न लागतो
टक्.
सगळं गप्प.

चार मिनिटं.
मग पुन्हा.

एकोणीस वर्षं माणसांचे श्वास मोजले,
आता याचे मोजत पडले.
वीजबिलाच्या पाठीवर लिहीत गेले:
नऊ बारा चालू, नऊ सोळा बंद,
नऊ एकोणीस चालू, नऊ तेवीस बंद.
आमच्या वॉर्डात असा श्वास कुणी घेतला असता
तर डॉक्टरांना झोपेतून उठवलं असतं मी.

जाळी काढून मोरीत धुतली.
रबाळ्याची धूळ, समोरच्या टॉवरचं सिमेंट,
शर्वरीच्या पेन्सिलचा भुसा,
पाणी चहासारखं होऊन वाहिलं.
युनिफॉर्मशेजारी दोरीवर वाळवली, बसवली.
चार मिनिटं.

ग्रिलवरून कबुतरांच्या काटक्या उपसल्या,
त्यात आमचाच हरवलेला हँगर.
चार मिनिटं.

कंपनीचा माणूस आला, बूट न काढता म्हणाला,
गॅस कमी आहे, अठ्ठावीसशे होतील.
गेज त्याच्या पिशवीतच होतं.
म्हटलं, आम्ही नाडी न बघता सुई टोचत नाही.
तो हसला,
आणि येण्याचे तीनशे घेऊन गेला.

सुहास महाप्याच्या सर्व्हर रूममध्ये असतो,
ऑक्टोबरातही स्वेटर घालून.
दुपारी फोनवर म्हणतो,
तू उगाच वैतागतेस,
एवढं काही उकडत नाहीये.

मग गोठिवलीचा रोहिदास मढवी आला.
आधी नुसता स्टुलावर बसला,
दोन वेळा चालू, दोन वेळा बंद,
हात गुडघ्यांवर, मान थोडी कलती.
मी चहा विचारला तर बोटानं थांबवलं.
नंतर झाकण उघडलं, बॅटरी दातांत धरून
आत बराच वेळ पाहिलं.

ताई, यो बगा.
सेंसर क्लिपमदनं निसटलाय,
थंड कॉइलला टेकून बसलाय.
त्याला वाटतंय, अख्खी खोली गार झाली.
खोलीचं त्याला काय म्हाईत नाय.

मी चवड्यांवर उभी राहून पाहिलं.
काळ्या वायरीच्या टोकाला तांब्याचं बोंड,
करंगळीच्या नखाएवढं,
दवानं ओलं,
गारव्याला गाल लावून निवांत.
मला एकदम हसू आलं.
का ते रोहिदासला सांगितलं नाही.

क्लिप तुटलेली होती.
पर्समधून वॉर्डातली कागदी चिकटपट्टी काढली,
सलाईनची नळी बांधतो तशी
एक आडवी, दोन तिरक्या,
कॉइलपासून दोन बोटं दूर.
हात साफ हाय तुमचा, तो म्हणाला.

मग खोली पावलांनी मोजली त्यानं.
दीड टन? इतक्याशा खोलीत?
सीवूड्सच्या डॉक्टरीणबाई घर बदलताना
स्वस्तात देऊन गेल्या, मी म्हटलं.
ह्यो हॉलचा माल हाय ताई.
थोडं चालू-बंद करणारच, पूर्ण नाय थांबायचा.
साडेतीनशे घेतले,
चहा नको, पाणी प्याला,
जाताना चादरीचा एक खिळा अंगठ्यानं आत दाबून गेला.

आज सकाळी परत बिल घेऊन पडले.
टक्.
घरघर, पायांवर वारा,
समोरच्या टॉवरवर कुणीतरी लोखंड कापत होतं,
खालून भंगारवाल्याची आरोळी.
मी घड्याळाकडे पाहत होते.

दीड वाजता शर्वरीनं बेल तीनदा वाजवली तेव्हा
बिल गालाखाली होतं.
नऊ चाळीस चालू.
त्याच्यापुढे पेनची एक लांब रेघ,
कागद सोडून
उशीच्या अभ्र्यावर उतरलेली.